दुसरा कन्सोल घेण्याआधी डिस्क ड्राइव्ह आहे का ते बघा

‘घरी पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) आहे, पण काही गेम फक्त एक्सबॉक्सवर किंवा स्विचवर येतात. दुसरा कन्सोल परवडेल का?’ हे आम्हाला दुकानात सतत विचारले जाते, म्हणून हे पत्रक.

खर्च वाढतो तो कन्सोलपेक्षा गेममुळे. त्यात सगळ्यात महाग पडणारी चूक एकच: चार पैसे वाचतात म्हणून बिनड्राइव्हचा (गेमची डिस्क घालायची सोय नसलेला) कन्सोल घेणे आणि नंतर डिस्क घेऊन आमच्याकडे येणे. एक्सबॉक्स सीरिज एसला ड्राइव्ह नसतो आणि बाहेरून बसवताही येत नाही. सीरिज एक्सचेही बिनड्राइव्हचे मॉडेल निघाले आहे. पीएस ५ प्रोमध्ये ड्राइव्ह नसतो, वेगळा घेऊन बसवावा लागतो. २०२० च्या मूळ डिजिटल पीएस ५ ला तो बसतच नाही. २०२३ च्या ‘स्लिम’ डिजिटल पीएस ५ ला बसतो, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते.

म्हणून ड्राइव्ह मागायला येताना कन्सोलवरच्या लेबलचा फोटो आणा. नंबर ‘सीएफआय-१’ने सुरू होऊन पुढे ‘बी’ असेल तर ड्राइव्ह बसणार नाही. ‘सीएफआय-२’ किंवा ‘सीएफआय-७’ असेल तर बसेल. आम्ही फोटोसाठी अडून बसतो ते यासाठीच. नुसते ‘डिजिटलवाला’ म्हटल्याने कळत नाही.

ड्राइव्ह नसला की गेमचे दुकान एकच उरते, ते म्हणजे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे ऑनलाइन दुकान. तिथला गेम खेळून झाल्यावर विकता येत नाही, मित्राची डिस्क मागून आणता येत नाही. पीएस ४ च्या डिस्कवरून पीएस ५ ची आवृत्ती घेतली असेल, तर तीही खेळताना डिस्क आत असावीच लागते.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणाऱ्या गेमसाठी घाई करण्याआधी तो कोणत्या कंपनीचा आहे ते पाहा. ‘फोर्झा होरायझन ५’ २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आला, २०२५ मध्ये पीएस ५ वर. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ २०२० मध्ये पीएस ४ वर आला, २०२४ मध्ये पीसीवर. घरी चांगला पीसी असेल तर थांबणे फायद्याचे. निंटेंडोचे मारिओ, झेल्डा मात्र दुसऱ्या कन्सोलवर येत नाहीत. ते हवे असतील तर स्विच घ्यावाच लागेल. स्विच २ च्या काही कार्डांत पूर्ण गेम नसतो, फक्त किल्ली, म्हणजे तो डाउनलोड करायची परवानगी असते. गेम डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागते. खोक्यावर तसे छापलेले असते. डाउनलोडसाठी जागा वाढवायची तर साधे मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागते.

ऑनलाइन खेळायला प्रत्येक कंपनीची वेगळी वर्गणी लागते. ‘फोर्टनाइट’सारखे फुकट गेम तिच्याशिवाय चालतात. तुमची मित्रमंडळी ज्या कन्सोलवर आहेत, त्याचीच वर्गणी चालू ठेवा. वर्गणीतून मिळालेले गेम वर्गणी संपली की उघडत नाहीत, हे हिशेबात धरा.

डिजिटल गेमचा कोड, म्हणजे कंपनीच्या दुकानात टाकून गेम मिळवायचा नंबर, खरवडून उघडला असेल तर आम्ही परत घेत नाही. तो वापरला गेला की नाही हे आम्हाला तपासता येत नाही, आणि वापरला की त्याच अकाउंटला चिकटतो. डिस्क मात्र आम्ही बदलून देतो. मूळ खोक्यासह आणा, नखाला लागेल इतका ओरखडा नसावा. दोन कन्सोल सांभाळणाऱ्याला खर्च आटोक्यात ठेवायला याहून सोपी सोय नाही.