पेटंट कलम, मुक्तस्रोत परवान्यांतील

मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या परवान्यात पेटंटच्या हक्कांविषयी जे लिहिलेले असते, ते पेटंट कलम. कोड वापरण्याची, बदलण्याची, पुढे देण्याची मुभा कॉपीराइटच्या हक्कातून येते. कॉपीराइट मात्र लिहिलेल्या कोडपुरता असतो. त्यामागच्या तांत्रिक युक्तीवर वेगळे पेटंट असू शकते, आणि ते कोड लिहिणाऱ्याच्याच नावावर असेल असे नाही.

सोलापुरात चादरीच्या किंवा टॉवेलच्या नक्षीतला दोष कॅमेऱ्याने पकडणारे सॉफ्टवेअर कोणी लिहायला घेतले, तर पहिल्यांदा हाताशी येते ती ओपनसीव्ही ही लायब्ररी, म्हणजे चित्रांवर काम करणाऱ्या तयार कोडचा संग्रह. ती अनेक वर्षे बीएसडी या थोडक्या अटींच्या परवान्याखाली होती. चित्रांतील खुणा जुळवण्याच्या ‘सिफ्ट’ या पद्धतीचे अमेरिकी पेटंट ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाकडे होते, म्हणून तिचा कोड ‘नॉनफ्री’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला जाई. कोड फुकट, पण पद्धत फुकट नाही! मार्च २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि सिफ्ट मुख्य लायब्ररीत आली. पुढे त्याच वर्षी, ४.५ या आवृत्तीपासून, ओपनसीव्हीने अपाचे २.० परवाना घेतला.

अपाचे २.० (२००४) मधील तिसरे कलम या प्रकारातले सर्वांत परिचित. कोडमध्ये भर घालणारा प्रत्येक जण, त्या भरीला लागू पडणाऱ्या स्वतःच्या पेटंटचा विनामूल्य परवाना सर्व वापरकर्त्यांना देतो. सोबत अट येते: हे सॉफ्टवेअर आपल्या पेटंटचा भंग करते असा दावा एखाद्याने कोणावरही लावला, तर त्याला त्या सॉफ्टवेअरपुरता मिळालेला पेटंट परवाना दावा दाखल होताच संपतो. कॉपीराइटची मुभा राहते. मोझिला परवाना २.० (२०१२) अशा वेळी कॉपीराइटची मुभाही काढून घेतो. जीपीएल हा आणखी एक मुक्तस्रोत परवाना; त्याची आवृत्ती २ (१९९१) पेटंट परवाना उघडपणे देत नाही. पेटंटच्या बंधनामुळे परवान्याच्या सर्व अटी पाळता येत नसतील तर सॉफ्टवेअर मुळीच वाटू नका, एवढे तो सांगतो. जीपीएल ३ (२००७) मध्ये पेटंटवर सविस्तर कलम आले. नोव्हेल या कंपनीच्या ग्राहकांवर पेटंटचा दावा लावणार नाही, असे अभय देणारा २००६ चा मायक्रोसॉफ्ट-नोव्हेल करार त्याच्या मसुद्याच्या काळातच झाला होता, आणि तशा निवडक ग्राहकांपुरत्या अभयदानाला त्यात आडकाठी घातली आहे.

सर्वाधिक गाजले ते वेबपाने बांधायला वापरल्या जाणाऱ्या फेसबुकच्या रिअ‍ॅक्टचे प्रकरण. बीएसडी परवान्याला जोडलेल्या त्याच्या पेटंट पत्रकानुसार, फेसबुकवर कोणत्याही पेटंटवरून पहिला दावा लावणाऱ्याचा पेटंट परवाना जात असे. त्या दाव्याचा रिअ‍ॅक्टशी संबंध असण्याची गरज नव्हती. जुलै २०१७ मध्ये अपाचे परवाना काढणाऱ्या अपाचे फाउंडेशन या संस्थेने हा परवाना आपल्या प्रकल्पांसाठी निषिद्ध ठरवला आणि सप्टेंबरमध्ये रिअ‍ॅक्ट एमआयटी या बीएसडीसारख्याच थोडक्या अटींच्या परवान्याखाली आले. लहान कंपन्यांतही त्या वेळी घबराट झाली, ती अवास्तव होती. ज्याच्याकडे एकही पेटंट नाही तो पेटंटचा दावा लावणार कशाचा?

एमआयटी आणि बीएसडी यांत पेटंटचा शब्दही नाही, आणि धोका पाहायचा तर या मौनात पाहावा. वापराची मुभा दिली त्यातच पेटंटची मुभा गृहीत आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण तो कोर्टात उभे राहून करावा लागतो. शिवाय कलम कितीही चांगले असले तरी ते परवाना देणाऱ्यांनाच बांधते, तिऱ्हाइताला नाही. २०१९ मध्ये शॉटवेल या फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरून त्यामागच्या ग्नोम फाउंडेशन या संस्थेवर अमेरिकेत दावा झाला, तो प्रकल्पाबाहेरच्या एका पेटंटधारक कंपनीकडून. २०२० मध्ये तो तडजोडीने मिटला.

भारतात पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर मिळू शकते. पेटंट त्या त्या देशापुरते असते, म्हणून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकी पेटंट लागू होत नाही. टॉवेल निर्यात होतो, सॉफ्टवेअर कारखान्यातच राहते, तोवर प्रश्न सहसा येत नाही. तेच सॉफ्टवेअर परदेशी गिऱ्हाइकाला विकले की चित्र पालटते. असे गिऱ्हाईक करारात नुकसानभरपाईची हमी मागते: पेटंटचा दावा आला तर खर्च विकणाऱ्याचा. इकडे ज्या मुक्तस्रोत लायब्रऱ्यांवर माल उभा आहे, त्यांच्या परवान्यांत ‘जसे आहे तसे’ दिले, हमी नाही, असे ठळक अक्षरांत लिहिलेले. वरच्या कागदावर सगळी जबाबदारी, खालच्या कागदावर काहीच नाही, आणि मध्ये चार-पाच माणसांची कंपनी. परवाने बारकाईने वाचणारेही हमीचे हे पान डोळे झाकून सही करून देतात. हमीची रक्कम कराराच्या किमतीपुरती मर्यादित करून घेणे, किंवा मुक्तस्रोत घटक तिच्यातून वगळणे, ही वाटाघाट परवान्याच्या निवडीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी धोका उलट बाजूचा आहे. मागासाठी केलेल्या एखाद्या नियंत्रण पद्धतीचे पेटंट घ्यायचे असेल आणि विद्यार्थ्याने तिचा कोड आधीच जाहीर केला असेल, तर नावीन्याच्या निकषावरच अर्ज अडकू शकतो. अर्ज आधी झाला, पण कोड महाविद्यालयाच्याच नावाने अपाचेखाली प्रसिद्ध केला, तर पेटंट मिळूनही तो कोड वापरणाऱ्या कारखान्यांकडून त्या वापरापोटी स्वामित्वशुल्क मागता येत नाही.