रिमास्टर की रिमेक? बोटांना विचारा

जुन्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती आली, की ट्रेलर बघून ती रिमास्टर आहे की रिमेक हे फारसं कळत नाही. दोन्हीकडे ओळखीचं नाव, चकाचक प्रकाश आणि पुन्हा एकदा मोजायचे पैसे. कंट्रोलर हातात घेतला, की मात्र लगेच उलगडा होतो.

रिमास्टरमध्ये गेम आतून जुनाच असतो. टेक्सचर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, रेखीव होतात, रिझोल्यूशन वाढतं, पण उडी किती लांब जाते, शत्रू कधी वळतो, हे सगळं जिथल्या तिथे. सैन्य हाकायच्या ‘स्टारक्राफ्ट’चा २०१७चा ‘स्टारक्राफ्ट: रिमास्टर्ड’ हा याचा अस्सल नमुना. १९९८च्या मूळ गेममध्ये एका वेळी १२च युनिट, म्हणजे सैनिक किंवा यंत्रं, निवडता यायची. आज ही कटकटच वाटेल, पण मुरलेल्या खेळाडूंचं कसब याच मर्यादेभोवती घडलेलं, त्यामुळे ती तशीच ठेवली. वाट शोधताना गोंधळणारा ड्रॅगून हा चारपायी यंत्रसैनिक अजूनही तितकाच बावळट आहे. एफ५ दाबा, चित्र जुनं. पुन्हा दाबा, नवं. लढाई चालूच राहते.

रिमेकमध्ये गेम मुळापासून नव्याने बनवतात. १९९८चा ‘रेसिडेंट एव्हिल २’ हा झोंबींचा भयगेम आणि त्याचा २०१९चा रिमेक लागोपाठ खेळून बघा. जुन्यात कॅमेरा एका जागी खिळलेला. कोपऱ्यापलीकडचा झोंबी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दार ओलांडलं, की दार उघडण्याचं दृश्य यायचं, नवी खोली लोड व्हायची आणि मागचा झोंबी मागेच राहायचा. दाराबाहेर पडलो म्हणजे सुटलो, हा हिशेब बोटांत पक्का बसलेला. रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आला आणि झोंबी दारातून पाठलाग करू लागले. मिस्टर एक्स हा मागे लागणारा धिप्पाड राक्षस पूर्वी ठरलेल्या जागीच गाठायचा. आता तो पोलिस ठाणंभर हिंडतो आणि वरच्या मजल्यावर त्याचे बूट वाजताना ऐकू येतात. पात्रं तीच, ठाणं तेच, पण भीतीची जात वेगळी. मला दोन्ही प्रिय आहेत, आणि एकाची तहान दुसऱ्यावर भागत नाही.

वेष्टनावरच्या नावावर मात्र विसंबू नका. २०१७चा ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी’ रिमास्टर म्हणून विकला गेला, पण मूळ सोर्स कोड हाताशी नसल्याने हालचाली नव्याने रचाव्या लागल्या. क्रॅश या नायकाभोवतीच्या, टक्कर मोजणाऱ्या अदृश्य चौकटीचा तळ गोलसर झाला आणि जिथे पूर्वी पाय टिकायचा, त्या काठावरून क्रॅश घसरू लागला. डोळ्यांना हे दिसतही नाही. जुन्या खेळाडूंनी ते अंगठ्याने पकडलं. उलट टोकाला २०२०चा ‘फायनल फँटसी सेव्हन रिमेक’: १९९७च्या गेममधल्या मिडगार शहराच्या सुरुवातीच्या भागाचाच त्यांनी अख्खा गेम केला, आणि कथाही भलतीकडे वळवली.

रिमास्टर म्हणजे सोपं काम, असंही नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) मालिकेतल्या तीन जुन्या गेमच्या रिमास्टरमध्ये, म्हणजे २०२१च्या जीटीए ट्रिलॉजीच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, ‘सॅन अँड्रियास’मधलं धुकं विरळ झालं. ते धुकं म्हणजे जुन्या कन्सोलची लाचारी होती, कबूल. पण त्याच्याआड लपल्यामुळे तो नकाशा अफाट वाटायचा. धुकं गेलं आणि उंचावरून तीनही शहरं एका नजरेत मावू लागली. मर्यादा पुसताना तिच्या जोरावर काय उभं आहे, एवढं तरी बघायला हवं होतं.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. ही आवृत्ती येण्याआधी जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले. ओरड झाल्यावर जीटीएची कंपनी रॉकस्टारने माफी मागितली आणि पीसीवर ते परत ठेवले. रिमेक कितीही सरस असो, मूळ गेम विकत मिळत राहिला पाहिजे. १९९८चा ‘रेसिडेंट एव्हिल २’ २०२४मध्ये जीओजी या डिजिटल दुकानात परतला आहे. टँक कंट्रोल, म्हणजे पात्र रणगाड्यासारखं आधी जागीच वळवून मग पुढे चालवायची पद्धत, अंगवळणी पडेपर्यंत थोडा धीर धरा, आणि पहिल्याच गल्लीत गोळ्या उधळू नका.