ग्नू/लिनक्स नामविवाद

ग्नू/लिनक्स नामविवाद : ज्या मुक्त संगणक प्रणालीला जगभर नुसते ‘लिनक्स’ म्हणतात तिला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावे की नाही, याविषयी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चालत आलेला वाद. जोडनावाचा आग्रह ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा. त्याला नकार लिनक्स कर्नेलचे (प्रणालीचा हार्डवेअर हाताळणारा गाभा) कर्ते लिनस टोरवाल्ड्स आणि बहुतेक वितरणकर्त्यांचा (कर्नेल आणि इतर साधने एकत्र बांधून देणाऱ्यांचा). नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या वादाची चर्चा क्वचितच होते, पण त्यातले पुरावे तिथल्या लॅबमध्ये रोज पडद्यावर उमटत असतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या महाविद्यालयांत मुले उबुंटू या वितरणावर शेल स्क्रिप्ट आणि सी भाषेची प्रॅक्टिकल्स करतात. मशीन विंडोजबरोबर ड्युअल बूट (दोनपैकी एक प्रणाली निवडून चालू होणारे) असेल, तर ते चालू केल्यावर जो पर्यायांचा पडदा येतो, त्यावर सगळ्यात वर ‘ग्नू ग्रब’ असे लिहिलेले असते. टर्मिनल उघडले की समोर येणारा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) म्हणजे बॅश. त्याची आवृत्ती विचारली तर पहिल्याच ओळीत ‘ग्नू बॅश’ असे उत्तर मिळते. प्रोग्राम कंपाइल करणारा (यंत्राच्या भाषेत उतरवणारा) जीसीसीही ग्नूचाच. उबुंटूच्या २२.०४ किंवा २४.०४ आवृत्तीवर ‘यूनेम’ ही कमांड ‘एस’ हा पर्याय लावून चालवली तर ‘लिनक्स’ असे छापून येते, आणि ‘ओ’ लावून चालवली तर ‘ग्नू/लिनक्स’. पहिला पर्याय कर्नेलचे नाव विचारतो, दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमचे. ही कमांड स्वतः ग्नूच्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचातली आहे, तेव्हा तिची साक्ष एका पक्षाची आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र ‘ऑपरेटिंग सिस्टिम : लिनक्स’ एवढेच लिहिण्याची पद्धत आहे.

स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी युनिक्स या आधीच्या प्रणालीच्या धर्तीची, पण पूर्णपणे मुक्त अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि जानेवारी १९८४ मध्ये कामाला सुरुवात केली. वापरणाऱ्याला प्रोग्राम चालवता यावा, त्याचा सोर्स कोड वाचता-बदलता यावा, मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता यावी, हा त्यामागचा हेतू. १९८५ मध्ये फाउंडेशन उभी राहिली, १९८९ मध्ये बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारा जीपीएल हा परवाना आला. ईमॅक्स हा मजकूर-संपादक, जीसीसी, चुका शोधायला मदत करणारा डीबगर, बॅश असे एकेक भाग तयार होत गेले. राहिले ते कर्नेल. ‘हर्ड’ नावाचे ग्नूचे कर्नेल १९९० मध्ये हाती घेतले गेले, पण ते रेंगाळले.

ती उणीव हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने भरून काढली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीची पहिली वार्ता दिली, तेव्हा त्यांनी तिला निव्वळ छंद म्हटले, ग्नूसारखे मोठे काम हे नव्हे असे बजावले, आणि बॅश व जीसीसी तिच्यावर चालू लागल्याचेही सांगितले. पुढच्याच महिन्यातल्या ०.०१ आवृत्तीसोबतच्या टिपणात त्यांनी नोंदवले की नुसत्या कर्नेलने काही साधत नाही. शेल, कंपायलर, लायब्ररी (प्रोग्रामना लागणारा तयार कोड) लागतातच, आणि यांतली बहुतेक साधने ग्नूची आहेत. हा मजकूर खुद्द टोरवाल्ड्स यांचा असल्यामुळे या वादात त्याचे वजन मोठे आहे. १९९२ मध्ये त्यांनी कर्नेल जीपीएलखाली आणले आणि दोन्ही कामांची सांगड पक्की झाली.

‘लिनक्स’ हे नावही टोरवाल्ड्स यांनी स्वतः ठेवलेले नाही. त्यांच्या मनात ‘फ्रीक्स’ होते. आपल्या नावावरून नाव ठेवणे त्यांना प्रौढीचे वाटत होते. फाइली ज्या फिनिश सर्व्हरवर ठेवायच्या होत्या तो सांभाळणाऱ्या आरी लेमके यांना ‘फ्रीक्स’ रुचले नाही, म्हणून त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले आणि तेच रूढ झाले. पुढे कंपन्यांनी कर्नेल आणि ग्नूची साधने एकत्र बांधून वितरणे काढली आणि अख्ख्या गाठोड्याला कर्नेलचेच नाव चिकटले.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या वितरणाला फाउंडेशनने काही काळ आर्थिक आधार दिला आणि १९९४ मध्ये त्याचे नाव ‘डेबियन ग्नू/लिनक्स’ झाले. १९९६ मध्ये ईमॅक्सच्या १९.३१ आवृत्तीत स्टॉलमन यांनी ‘लिग्नक्स’ असा एकजीव शब्द घालून पाहिला. त्यावर एवढा गदारोळ झाला की तो मागे घेऊन ते ‘ग्नू/लिनक्स’वर स्थिरावले.

विरोधकांचा पहिला मुद्दा रूढीचा आहे : नाव रुळले, ते सुटसुटीत आहे, ते बदलायचे कशाला? दुसरा अधिक टोकदार आहे. ग्नूला मान द्यायचा तर एक्स विंडो, पर्ल, टेक, केडीई या इतरांच्या प्रोग्रामनी काय घोडे मारले? स्टॉलमन यांचे उत्तर असे की, ते सुटे प्रोग्राम होते. पूर्ण मुक्त प्रणाली घडवायचा बेत मात्र ग्नूचा. टोरवाल्ड्स यांच्या मते ग्नूने स्वतःचे वितरण काढले तर त्याला ग्नू/लिनक्स म्हणणे रास्त आहे, सरसकट सगळ्यांना तसे म्हणणे हास्यास्पद आहे. टक्केवारीही दोन्हीकडून पुढे केली जाते. एका विक्रेत्याच्या सीडीवर ग्नूचा कोड २८ टक्के आणि कर्नेलचा ३ टक्के होता, असे स्टॉलमन सांगतात. २०११ च्या उबुंटूची मोजणी झाली तेव्हा ग्नू सुमारे ८ टक्के आणि कर्नेल ९ टक्के भरले. कोडच्या ओळी मोजून हा वाद सुटणारा नाही, कारण प्रश्न प्रणाली कोणी आणि कशासाठी मांडली याचा आहे.

नाशिककरांना जोडनावाचा व्यवहार परका नाही. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. बाहेरगावचे लोक सरसकट ‘नाशिकचा कुंभमेळा’ म्हणतात, त्र्यंबकेश्वरकरांना ते खटकते, आणि सरकारी कागदांवर ‘नाशिक-त्र्यंबकेश्वर’ असे येते. बोलताना छोटे नाव वापरल्याने कोणाचे बिघडत नाही; नोंद करताना मात्र दोन्ही ठिकाणे लिहिणे योग्यच. प्रस्तुत नोंदकाराला ग्नू/लिनक्सबाबतही हेच पटते. दैनंदिन बोलण्यात ‘लिनक्स’ चालेल, पण पाठ्यपुस्तकात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि त्यामागचा हेतू यायला हवा. ‘लिनक्स १९९१ मध्ये एका विद्यार्थ्याने बनवले’ एवढेच वाचून परीक्षा देणाऱ्या मुलाला, आपल्या हातातला कोड आपण बदलू शकतो हा हक्क कोणी आणि का मिळवून दिला, हे कळतच नाही. ही त्या मुलावर अन्यायाचीच गोष्ट आहे.

जोडनाव सगळीकडे लागू पडत नाही, हेही तितकेच खरे. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नेल असले तरी ग्नूची लायब्ररी किंवा शेल नसतो, म्हणून त्याला ग्नू/लिनक्स म्हणणे चूक ठरते. हे फाउंडेशनलाही मान्य आहे. ग्नूऐवजी मसल लायब्ररी आणि बिझीबॉक्स या कमांडच्या संचावर उभे असलेले अल्पाइन लिनक्स त्याच पंगतीतले. उलट बाजूला डेबियनचीच ग्नू/हर्ड ही आवृत्ती आहे, तिच्यात लिनक्स नाही. भारतात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियनच्या पायावर तयार केलेली प्रणाली ‘बॉस ग्नू/लिनक्स’ या नावाने ओळखली जाते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० ने या वादाला नवे वळण दिले. तिच्यात ग्नू कोअरयुटिल्सच्या जागी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला संच आधीपासूनच बसवलेला आहे. त्याचा परवाना जीपीएल नसून एमआयटी आहे, म्हणजे बदललेला कोड खुला ठेवण्याचे बंधन त्यात नाही; परवान्यातला हा फरक नावातल्या फरकापेक्षा गंभीर आहे. असे बदल वाढत गेले तर निदान उबुंटूपुरता जोडनावाचा दावा दुबळा होईल. सी लायब्ररी, जीसीसी आणि बॅश मात्र तिथे अजून ग्नूचेच आहेत.