हजारातले पाचच

व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढताच नाकात झिणझिण्या आणणारा जो वास येतो, तो अ‍ॅसेटिक आम्लाच्या अख्ख्या, न फुटलेल्या रेणूंचा असतो. फुटलेल्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले तुकडे, पाणी सोडून हवेत उडत नाहीत, मग त्यांना वास कुठून असणार? वाटीभर व्हिनेगरमध्ये चिमूट चिमूट खायचा सोडा घालत राहा. फसफस थांबेपर्यंत वासही जवळजवळ गेलेला असतो, कारण अख्खे रेणू फारसे उरलेलेच नसतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की त्याचे जवळपास सगळे रेणू फुटतात. स्वयंपाकघरातल्या 5 टक्के व्हिनेगरमध्ये मात्र अ‍ॅसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी फुटलेले सापडतात साधारण पाच. तेही कायम तेच पाच नव्हेत. पाणी हायड्रोजन आयन ओढून नेतं, रेणूचा उरलेला तुकडा, म्हणजे अ‍ॅसिटेट, तो पुन्हा धरतं, आणि ही ओढाताण अखंड चालू असते. संगीत खुर्चीसारखं आहे हे: खुर्च्या ठरलेल्या, बसणारे बदलते.

सौम्य (ज्याचे थोडेच रेणू फुटतात असं) आणि विरल (भरपूर पाणी मिसळलेलं) या दोन शब्दांची गल्लत शाळेपासून होते. शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल सौम्यच, पण कातडी भाजून काढतं. गंमत म्हणजे त्यातून वीज जेमतेम वाहते. त्यात पाणी मिसळा, म्हणजे एरवीच्या समजुतीने आम्ल 'पातळ' करा, की रेणू फुटून आयन तयार होतात आणि वीज चांगली वाहू लागते!

या वागण्याचा हिशोब रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी 1888 मध्ये मांडला. आम्ल जितकं विरल, तितके जास्त टक्के रेणू फुटतात. वरचंच व्हिनेगर दहापट पाणी होईल इतकं विरल केलं, तर हजारात पाचाऐवजी सुमारे पंधरा फुटलेले मिळतात. म्हणून हायड्रोजन आयनांची संहती (ठरावीक पाण्यातलं प्रमाण) दहापट न घटता तिपटीनेच घटते.

बाकीचे साडेनऊशेहून अधिक रेणू नुसते बसून नसतात, आणि मला तर तेच जास्त कामाचे वाटतात. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं ना? आंबट पाण्यात त्याचं बेंझॉइक आम्ल होतं, आणि तेही सौम्यच. जंतूच्या पेशीचं आवरण आयनांना सहसा आत घेत नाही. अख्खा रेणू मात्र सहज आत सरकतो. आतला सामू (pH, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा; जितका कमी तितकं जास्त आम्ल) 7 च्या आसपास असल्याने तो तिथे फुटतो, आम्लता वाढवतो आणि जंतूची वाढ खुंटते.

सगळा खेळ बाहेरच्या सामूचा. तो 3.2 असेल तर बेंझॉइक आम्लाचे हजारातले नऊशे रेणू अख्खे असतात. दुधाचा सामू 6.6 च्या आसपास. तिथे हजारात चारच अख्खे उरतात, म्हणून सरबत टिकवणारं बेंझोएट दुधात जवळपास निकामी ठरतं.