बंद कारखान्यातलं रसायन 'झोपलेलं' नसतं

'कारखाना बंद आहे, मग टाकीतल्या रसायनाची कसली काळजी?' हा समज फार जुना आहे, आणि तो चुकीचा आहे.

7 मे 2020. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे विशाखापट्टणमचा एलजी पॉलिमर्स कारखाना बंद होता. तिथल्या टाकीतून पहाटे स्टायरीन या प्लास्टिक बनवायला लागणाऱ्या द्रवाची वाफ शेजारच्या वस्तीत शिरली आणि 12 जणांचा जीव गेला. स्टायरीन नुसतं साठवून ठेवलं तरी त्याचे रेणू हळूहळू एकमेकांना जोडले जातात. त्यातून उष्णता निघते, उष्णतेने तो वेग आणखी वाढतो. म्हणून त्यात रोधक रसायन मिसळावं लागतं आणि ते थंडही ठेवावं लागतं. त्या टाकीत तापमान मोजलं जात होतं, पण फक्त तळाशी. वरचा थर तापत गेला आणि तळाचा आकडा मात्र निर्धास्त करत राहिला!

इथेच बिनतारी सेन्सरांचं जाळं कामाला येतं. केबलसाठी चर न खणता जुन्या टाकीवरही वेगवेगळ्या उंचीवर तापमापक बसवता येतात. प्रत्येक सेन्सर शेजाऱ्याचा संदेश पुढे पाठवतो, त्यामुळे एक बंद पडला तरी माहिती दुसऱ्या वाटेने पोहोचते. ज्वलनशील वाफेच्या जागी मात्र ठिणगी न पडण्याची हमी असलेली, प्रमाणित उपकरणंच हवीत. बॅटऱ्या वेळेवर बदलायला हव्यात.

आणि मध्यरात्री इशारा आला तर शीतयंत्रणा सुरू करायला, भोंगा वाजवायला जागेवर माणूस हवाच. टाळेबंदी असली तरी.