सांगलीच्या अंदाजपत्रकाची जमा बाजू : जकात नाक्यापासून जीएसटी भरपाईपर्यंत

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या अंदाजपत्रकावर दरवर्षी बोलणे होते ते खर्चाच्या बाजूवर. कोणत्या प्रभागाला किती, कोणता रस्ता धरला, कोणता राहिला. जमेची पाने फारसे कोणी उलटत नाही. खरे तर या शहरात काय झाले आणि काय रखडले याचे मूळ त्याच पानांत सापडते, आणि तिथेही एका ओळीत. आज तिथे जीएसटी भरपाई, म्हणजे बुडालेल्या स्थानिक कराच्या बदल्यात राज्य सरकार देते ती रक्कम, लिहिलेली असते. त्याआधी त्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर होता आणि त्याआधी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. 1948 मध्ये ती विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, त्याचेच नाव नंतर सांगली पडले. या भागातल्या सगळ्याच नगरपालिकांचा संसार तेव्हापासून जकातीवर चालत होता. घरपट्टी वाढवायची म्हणजे मतदाराच्या दारात जाऊन मागायची. जकात नाक्यावर गोळा होई आणि ग्राहकाला ती मालाच्या किमतीतून कळत-नकळत भरावी लागे. ही सवय पुढे महागात पडली.

पहिले वळण 1998-99 चे. 9 फेब्रुवारी 1998 ला तिन्ही शहरांची मिळून महापालिका झाली. 1999 मध्ये राज्य सरकारने नगरपालिकांची जकात रद्द केली, महापालिकांची मात्र ठेवली. म्हणजे एकत्रीकरण दीड-दोन वर्षे लांबले असते, तर सांगली-मिरजेचे नाके तेव्हाच उठले असते. साताऱ्याचे, कऱ्हाडचे, इस्लामपूरचे, तासगावचे उठलेच. त्या नगरपालिकांना बदल्यात सरकारी अनुदान सुरू झाले, आणि तेव्हापासून तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार त्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. सातारा 1999 मध्ये ज्या वाटेला लागले, तिथे सांगली 2017 मध्ये पोहोचली. मधल्या अठरा वर्षांत शेजारच्या नगरपालिकांचे काय होत आहे हे समोर दिसत होते. त्यातून काही शिकून घरपट्टीचा पाया भक्कम करण्याची ती वेळ होती. ती वाया गेली, असेच म्हणावे लागते.

जकातीचे वाईट सगळ्यांना माहीत आहे : रांगा, चिरीमिरी, रात्री आडवाटेने शिरणाऱ्या गाड्या. सांगलीची अडचण आणखी एक होती. हे शहर मालाच्या ये-जा करण्यावर जगते. मार्केट यार्डात हळद येते, सौद्यात विकली जाते आणि त्यातली बरीचशी देशभर निघून जाते. आत येताना भरलेली जकात बाहेर गेलेल्या मालावर परत मिळावी, असा नियम. पण परताव्यासाठी मूळ पावती हवी, बाहेर जाताना नाक्याचा शिक्का हवा, माल तोच आहे हे पटवून द्यायला हवे. शंभर पोती एका पावतीवर आली आणि वेगवेगळ्या तीन गाड्यांतून तीन गावांना गेली, की त्या एका पावतीचे तीन तुकडे जुळवत बसायचे. शिवाय माधवनगर शहराला अगदी चिकटून, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर. हद्द ओलांडली की कर नाही, मग गोदाम पलीकडे का बांधू नये? व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. मात्र नाक्याची एक गोष्ट मान्य करावी लागेल. पैसा रोज येत होता. सायंकाळचा भरणा दुसऱ्या दिवशी बँकेत असे, आणि पगार, वीजबिल, ठेकेदाराचे देणे यांसाठी कोणाकडे हात पसरावा लागत नव्हता.

आता मुख्य मुद्दा, 2013 चा निर्णय. जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, राज्यातल्या काही महापालिकांत 2010 पासून सुरू झाला होता. शेजारच्या कोल्हापुरातही तो आधीच आला होता. सांगलीत 2013 मध्ये आला. कल्पना साधी होती. नाका नको. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, शहरात वापरासाठी किंवा विक्रीसाठी आणलेल्या मालाचा हिशेब आपल्या वह्यांत ठेवायचा, दरमहा कर स्वतःच भरायचा आणि विवरणपत्र द्यायचे. महापालिका नंतर तपासणार. कागदावर ही जकातीपेक्षा कितीतरी सभ्य व्यवस्था होती.

राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, सांगलीतही ठेवली. त्यांचे म्हणणे असे : विक्रीकराचे हिशेब सरकारला देतोच आहोत, पुन्हा महापालिकेसाठी वेगळ्या वह्या कशाला? व्हॅटमध्येच, म्हणजे राज्याच्या विक्रीकरातच, एखादा टक्का वाढवा आणि तो महापालिकांना वाटून द्या. दुसरी भीती अधिकाऱ्यांना दिलेल्या झडतीच्या, माल आणि कागद जप्त करण्याच्या अधिकारांची. मोठ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस असतो. गणपती पेठेतल्या छोट्या दुकानदाराने काय करायचे? हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे नीट उत्तर कोणी दिले नाही.

महापालिकांची बाजूही तितकीच खरी होती. व्हॅटमधून कर म्हणजे पैसा आधी मुंबईला जाणार आणि मग हप्त्याने परत येणार. स्वतःचा कर स्वतः बसवण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार एकदा गेला की परत येत नाही. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटत होता, आजही पटतो. पण तो ठामपणे मांडायला सांगलीत त्या वेळी कोणी उभे राहिले नाही. त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक होती. व्यापाऱ्याला दुखवून वसुलीची भाषा बोलणे एकाही पक्षाला सोयीचे नव्हते. करदात्यांची यादी पुरी नाही, तपासणीला माणसे नाहीत, हिशेब वाचू शकणारे कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. नाक्यावर पावती फाडणाऱ्या माणसाकडून एका रात्रीत ताळेबंद तपासण्याची अपेक्षा होती. नाका उठला, पण त्याची जागा घेणारी यंत्रणा उभी राहिली नाही. प्रामाणिकपणे भरणाऱ्याने भरले. ज्यांनी थांबून पाहायचे ठरवले, त्यांना थांबणेच फायद्याचे ठरले. सरकारने पुढे व्याज आणि दंड माफ करणारी अभय योजना आणली, त्यामुळे वेळेवर भरणारा मूर्ख ठरला ही भावना बाजारात पक्की झाली.

1 ऑगस्ट 2015 पासून वार्षिक उलाढाल 50 कोटींच्या आत असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. सांगलीसारख्या शहरात म्हणजे जवळजवळ सगळ्यांचाच. महापालिकेला तूट सरकारकडून मिळू लागली आणि मुद्रांक शुल्कासोबतचा एक टक्का अधिभार हाती राहिला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलेला एलबीटीही संपला आणि भरपाईचा कायदा झाला : 2016-17 हे आधारवर्ष, त्यावर दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ, रक्कम दरमहा. पगारापुरती खात्री आली, याचे समाधान सगळ्यांनाच होते.

आधारवर्षाकडे मात्र तेव्हा फार थोड्यांचे लक्ष गेले. ज्या शहराची आधीची वसुली जास्त, त्याचा पाया उंच. ज्या शहरात कर बसला पण वसूल झाला नाही, त्याचा पाया कायमचा खाली. समजा एका शहराचा पाया 100 रुपये आणि दुसऱ्याचा 80. दोघांची वाढ सारखीच, 8 टक्के. दहा वर्षांनी पहिल्याला 216 मिळतात, दुसऱ्याला 173. वीस रुपयांचा फरक त्रेचाळीसचा झाला, आणि दुसऱ्या शहराने त्यानंतर कितीही चांगला कारभार केला तरी तो भरून निघत नाही. बाजार वाढला, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने आले, तरी या ओळीत एक रुपयाही जास्त पडत नाही. जकातीत पडला असता. राज्यांना याच जीएसटीत केंद्राकडून पहिली पाच वर्षे 14 टक्के वाढीची हमी होती. महापालिकांच्या वाट्याला 8 आले. याविरुद्ध आवाज उठायला हवा होता. उठला नाही, कारण 2013 नंतर त्या विषयाला हात लावायची कोणाचीच तयारी नव्हती.

राहिली घरपट्टी. शहराच्या उपनगरांचा मोठा भाग गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर, वाढला. घरे उभी राहिली, पण कागद अपुरे, रस्ते अरुंद, ड्रेनेज नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाची वाट दिली, काम मात्र संथ. ज्या घराची नोंद नाही त्यावर कर नाही, आणि ज्या गल्लीत सोय नाही तिथला माणूस विचारतो, कर कशाचा? 2019 आणि 2021 च्या महापुरांनी नदीकाठच्या वस्त्या दोनदा बुडाल्या, त्यांच्याकडून वसुली मागणे अवघडच होते. कायद्याने करांचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. जकातीच्या दिवसांत ती तारीख शांतपणे निघून जाई, कारण घरपट्टीवर शहर अवलंबून नव्हते. पुढेही दर जैसे थे ठेवण्याचीच रीत राहिली आणि अंदाजपत्रकात थकबाकी वसुलीचा आकडा फुगवून जमा-खर्चाचा मेळ घातला जातो. मार्चनंतर सुधारित अंदाजात तोच आकडा खाली येतो आणि प्रभागातली कामे पुढच्या वर्षावर ढकलली जातात.

2023 मध्ये सभागृहाची मुदत संपली. स्थायी समिती आणि महासभा या दोघींचे काम प्रशासकाकडे गेले. ज्याने अंदाजपत्रक मांडायचे त्यानेच मंजूर करायचे, अशी स्थिती आली. दरवाढ असो की सूट, नागरिकांच्या बाजूने प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस त्या काळात खुर्चीवर नव्हता. एलबीटीचा हिशेबही पुरता मिटलेला नाही. कर रद्द झाला तरी 2013 ते 2017 या काळातली निर्धारणा, म्हणजे कोणाचा किती कर होतो हे तपासून ठरवण्याचे काम, कायद्याने चालूच राहते, आणि त्या वर्षांची विवरणपत्रे मागणाऱ्या नोटिसा कर रद्द झाल्यावरही दुकानदारांच्या हाती पडत राहिल्या.