ऑर्किडमधील गुणसूत्रभेद आणि वाढीची तऱ्हा

ऑर्किड कुलात सुमारे २८,००० जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य झाडांच्या फांद्यांवर वाढतात, बाकीच्या जमिनीत वा खडकांवर. गुणसूत्रांच्या संख्येतही या कुलाचा पल्ला मोठा आहे: एरिसिना पुसिलाच्या कायिक (शरीराच्या साध्या) पेशीत १२, तर ब्राझीलमधील एपिडेंड्रम सिन्नाबारिनममध्ये २४०. गुणसूत्रांच्या संख्येवरून वाढीची तऱ्हा, म्हणजे ऑर्किड कोठे व कसे वाढते हे, सांगता येईल का, हा प्रश्न त्यातून येतो. नुसत्या संख्येवरून ती सांगता येत नाही.

कोकणात व सह्याद्रीत झाडांवर फुलणारी सीतेची वेणी, तसेच व्हांडा आणि फॅलिनॉप्सिस या एकाच खोडाने शेंड्याकडे वाढत जाणाऱ्या ऑर्किडांत ३८ हीच संख्या पुन्हा पुन्हा भेटते. त्यांच्या आकारात आणि फुलांत मात्र केवढा फरक! व्यापारी फॅलिनॉप्सिसमध्ये ७६ गुणसूत्रांचे चतुर्गुणित, म्हणजे दोनऐवजी चार गुणसूत्रसंच असलेले, वाण पुष्कळ आहेत. त्यांची फुले मोठी व जाड असतात, पण वाढण्याची रीत तीच राहते. मुख्यतः जमिनीत किंवा खडकांवर वाढणाऱ्या पॅफिओपेडिलममध्ये संख्या २६ पासून ४२ पर्यंत जाते. येथे एक गुणसूत्र मधोमध तुटून दोन होतात. ईशान्य भारतातील पॅफिओपेडिलम व्हेनुस्टमची ४० गुणसूत्रे अशीच वाढलेली आहेत. गुणसूत्रांच्या भुजा, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंचे भाग, मोजल्या तर त्या २६ गुणसूत्रे असलेल्या जातींइतक्याच भरतात.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकी उष्ण कटिबंधातील ऑन्सिडियम गटाचे. त्यातील कित्येक जातींत ५६ गुणसूत्रे आहेत. एरिसिना पुसिला याच गटातली. ती बारीक काटक्यांवर वाढते आणि बीपासून वर्षाच्या आत फुलते. काटकी लवकर गळून पडते, म्हणून तिच्यावरच्या रोपाला वेळ थोडा असतो. कमी संख्येची जाती ती मूळची आणि इतर तिच्यापासून बहुगुणनाने, म्हणजे सबंध गुणसूत्रसंच वाढून, झाल्या, असा तर्क पूर्वी होता. १९८८ साली चेस आणि ओल्मस्टेड यांनी या गटातील समविकरांची, म्हणजे एकाच विकराच्या (एन्झाइमच्या) निरनिराळ्या रूपांची, संख्या तपासली. बहुगुणन झाले असते तर जास्त गुणसूत्रांच्या जातींत ती अधिक भरली असती. कमी व जास्त गुणसूत्रांच्या जातींत ती सारखीच निघाली, त्यामुळे गुणसूत्रे जोडली जाऊन संख्या घटली असावी, हे मत बळावले. थोडी गुणसूत्रे असली की एकत्र असलेले जनुकांचे गट पुढच्या पिढीत जाताना कमी फुटतात. अल्पायुषी वनस्पतीला ते सोयीचे ठरत असावे.

वाढीच्या तऱ्हेशी अधिक भरवशाचे नाते दिसते ते डीएनएच्या मात्रेचे. ऑर्किडांत ती १६८ पटींनी बदलते: झाडावर वाढणाऱ्या ट्रायकोसेंट्रम मडुरोईच्या एका गुणसूत्रसंचात ०.३३ पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम), तर उत्तर अमेरिकेच्या दलदलीतील पोगोनिया ऑफिओग्लॉसॉइडिसमध्ये ५५.४. वृक्षवासी जातींची मात्रा सामान्यतः कमी असते. डीएनए कमी असला की पेशी लहान, पर्णरंध्रेही (पानावरची सूक्ष्म छिद्रे) लहान, आणि पाण्याची चणचण असलेल्या फांदीवर लहान रंध्रे लवकर मिटता येणे फायद्याचे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जमिनीतील कंदधारी जातींवर हे बंधन तितके नसते.